जुनी मालिका नेटवर टाकायची आहे, भाग ४ मधल्या गाण्याचं काय करू?

फोंडेकर (धागाकर्ता)

मंडळी, गणेशचवथीच्या आधी मदत हवी आहे.

२००३ साली आमच्या धाकट्या काकांनी आणि त्यांच्या नाटकवाल्या मित्रांनी मिळून तेरा भागांची एक मालिका केली होती. बहुतेक प्रसंग गोव्यात, बांदोड्यातल्या एका जुन्या घरात. तेव्हा केबलवाले स्वतःचं स्थानिक चॅनल चालवायचे, त्यावर रविवारी सकाळी लागायची. मिनी डीव्ही कॅसेटी, एक कॅमेरा, एक माइक. माइक धरायला मी. तेव्हा अकरावीत होतो, हात भरून यायचे.

कॅसेटी इतकी वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. दोघींना पावसाळ्यात बुरशी आलेली, त्या पणजीत एकाने साफ करून दिल्या. सगळं संगणकावर उतरवलं आणि गेल्या आठवड्यात एका व्हिडिओ साइटवर चढवायला घेतलं. पहिले तीन भाग गेले. चौथ्यावर दहा मिनिटांत क्लेम! गाणं अमुक कंपनीचं, काही देशांत दिसणार नाही, जाहिरातीचे पैसे त्यांना.

प्रसंग असा: आजी स्वयंपाकघरात चुलीपाशी. कोनाड्यात रेडिओ, त्यावर जुनं मराठी सिनेमातलं गाणं. नातू दारात. आजी म्हणते, "हें गाणें लागलें म्हणटकच तुजो आजो चुलीवयलें दूद विसरतालो." मग ती गाण्याच्या दोन ओळी स्वतःशीच गुणगुणते आणि तिचंही दूध उतू जातं. चार मिनिटं. अख्ख्या मालिकेत लोकांना आठवतो तो हा एकच प्रसंग.

साइटवर 'गाण्याचा आवाज बंद करा' असं बटण होतं. मी दाबलं. गाणं गेलं, आजीही गेली. नुसते ओठ हलतात. आजीचं काम केलेल्या बाई २०११ मध्ये वारल्या, त्यामुळे पुन्हा डबिंग करणं हा विषयच नाही.

आता काय करू?

सत्तरीकर

वाचतोय. ही मालिका मी पाहिली आहे राव! दूध उतू जातं आणि मांजर येतं, तीच ना?

फोंडेकर

तीच. मांजर शेजाऱ्यांचं, आपणहून आलं होतं.

रिमोट_कंट्रोल

भाऊ, तुमचं दुखणं जुनं आहे आणि फार मोठ्यांना झालेलं आहे.

अमेरिकेत 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' नावाची मालिका होती, सीबीएसवर, १९७८ ते १९८२. एका पडेल रेडिओ स्टेशनची गोष्ट. रेडिओ स्टेशन म्हटल्यावर गाणी वाजणारच, आणि तीही त्या वेळची खरी, गाजलेली. मालिका फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर करण्याचं एक कारण असं की टेपवरच्या कार्यक्रमाला गाण्यांचे हक्क स्वस्त पडायचे. पण ते मुदतीचे. मुदत संपली आणि पुढच्या प्रक्षेपणांत गाण्यांच्या जागी कुठलंतरी लिफ्टमध्ये वाजतं तसं संगीत आलं. २००७ मध्ये पहिल्या वर्षाचे भाग डीव्हीडीवर आले ते असेच, गाणी बदललेले.

आता तुमच्या आजीशी जुळणारी गोष्ट. त्यात एक प्रसंग आहे. जॉकी पिंक फ्लॉइडचं 'डॉग्स' लावून बसलाय, तेवढ्यात म्हातारा साहेब खोलीत येतो आणि विचारतो, यात कुत्री भुंकल्यासारखं ऐकू येतंय का? गाणं बदललं की या विनोदात उरतं काय? काहीच नाही. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत तो तुकडाच उडवला. शेवटी २०१४ मध्ये शाउट फॅक्टरी नावाच्या कंपनीने एकेका गाण्याच्या मागे लागून बहुतेक गाणी परत मिळवली आणि पूर्ण संच काढला. तोही 'बहुतेक', सगळी नाहीच.

'मॅरिड... विथ चिल्ड्रन'चं शीर्षकगीत फ्रँक सिनात्राचं. डीव्हीडीचे पहिले दोन संच त्या गाण्यासकट आले, तिसऱ्यापासून दुसरीच धून. घरात संच ओळीने लावून बघणाऱ्याला वाटावं की प्लेअर बिघडला.

डबिंगवाली

फोंडेकर, पहिलं ते बटण पुन्हा दाबू नका. मूळ फाइल आहे ना जपून? हुश्श.

चूक कुठे झाली ते सांगते. रागावू नका, तेव्हा सगळेच असं करायचे. शूटिंगला रेडिओ खरोखर लावायचा नसतो. कोनाड्यातला रेडिओ मुका ठेवायचा, नटाने गाणं आहे असं समजून बोलायचं, गाणं नंतर एडिटिंगला घालायचं. म्हणजे संवाद एका ट्रॅकवर, संगीत आणि बाकीचे आवाज दुसऱ्यावर. आम्ही त्या दुसऱ्याला एम अँड ई (म्यूझिक अँड इफेक्ट्स) म्हणतो. मालिका दुसऱ्या भाषेत डब करायची असेल तर एम अँड ई तसाच ठेवून फक्त संवाद बदलतो. गाण्याचं भांडण झालं तर उलट करतो. तुमच्याकडे आजी, रेडिओ, चूल आणि मांजर एकाच माइकमधून एकाच पट्टीवर आहेत. पीठ मळून झाल्यावर मीठ काढा म्हणण्यासारखं आहे.

हल्ली वेगळे करणारे प्रोग्राम आहेत. गाणी ऐकवणाऱ्या डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर नावाचा प्रोग्राम फुकट दिला, नंतर त्याहून बरे आले. पण ते शिकलेत गाण्यांवर: एका बाजूला माणसाचा गळा, दुसऱ्या बाजूला वाद्यं. तुमच्या ट्रॅकवर गळे दोन आहेत. गाणारी बाई आणि आजी. तो प्रोग्राम दोघींना एकाच खोलीत बसवील. तुम्हाला बोलणं आणि संगीत वेगळं करणारा प्रोग्राम लागेल, तो वेगळा असतो.

कॅसेटवाला

एवढं कशाला? रेडिओवर दुसरं गाणं लावा की. आमच्या वाड्यावरचं भजनी मंडळ घ्या, तुकोबांचा अभंग, स्वतः रेकॉर्ड केलेला. तुकोबा काही क्लेम करायला येणार नाहीत.

फोंडेकर

कल्पना वाईट नाही, पण आजी म्हणते की हे गाणं लागलं की तुझे आजोबा दूध विसरायचे. अभंग ऐकून दूध विसरले म्हटलं तर आजोबा भलतेच भाविक वाटतील. आणि पुढे भाग ७ मध्ये कळतं की त्या सिनेमाला दोघं लग्नाआधी चोरून गेले होते, म्हापशाला. सगळा धागा त्या गाण्याला बांधलाय.

वकील_नव्हे

मी वकील नाही, पण एका कार्यालयात अठरा वर्षं करारांच्या फायली लावल्या आहेत. थोडं लांब होईल.

गाणं म्हणजे एक वस्तू नाही. शब्द वेगळे, चाल वेगळी, आणि जे ध्वनिमुद्रण तुमच्या रेडिओवर वाजलं ते तिसरं. चित्राला गाणं जोडायचं तर शब्द-चालीच्या मालकाकडून सिंक परवाना आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून मास्टरचा परवाना, असे दोन लागतात. आपल्याकडे सिनेसंगीताचे दोन्ही बहुधा एकाच कंपनीकडे असतात, ती सोय म्हणा की गैरसोय. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या (गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या) खटल्यात सांगितलं की सिनेमासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर. निर्मात्याकडून मग रेकॉर्ड कंपनीकडे.

मुदत. समजा गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल असलेलं १९६० सालचं गाणं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं, म्हणजे २०२० च्या अखेरीस संपला. लोक इथेच टाळ्या वाजवतात. पण शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ पर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चाल २०६२ पर्यंत. तबकडी मोकळी झाली, तिच्यावरचं गाणं अजून बांधलेलंच.

आणि हे भारतापुरतं. तुमचा भाग लिस्बनला किंवा टोरांटोला बघितला की तिथला कायदा.

सत्तरीकर

पण मग टीव्हीवर आणि रेडिओवर दिवसभर गाणी वाजतात ती कशी? त्यांना कुणी अडवत नाही.

वकील_नव्हे

त्यांच्यासाठी कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ ड आणलं. आधी सूचना द्या, ठरलेलं मानधन भरा, प्रक्षेपण करा. मालकाला नाही म्हणता येत नाही. इंटरनेटवाल्यांनीही त्यात शिरायचा प्रयत्न केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विंक हे गाण्यांचं ॲप आणि टिप्स ही गाण्यांची कंपनी यांच्या खटल्यात सांगितलं, हे कलम इंटरनेटला लागू नाही.

जुन्या मालिकांचं सगळं रडगाणं यातच आहे. प्रक्षेपणाचा रस्ता एक, विकण्याचा आणि नेटवर ठेवण्याचा रस्ता दुसरा. बीबीसीचंही तेच. संगीत संस्थांशी त्यांचे एकगठ्ठा करार असल्यामुळे कार्यक्रमात वाट्टेल ते गाणं वाजवायचे. डीव्हीडी काढायची म्हटल्यावर तो करार उपयोगाचा नाही, प्रत्येक गाण्यासाठी वेगळं दार ठोठवायचं.

आपल्याकडे त्याच २०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक वाक्य आहे. हक्क देताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्या माध्यमाचा हक्क दिला असं धरायचं नाही, स्पष्ट लिहिलं नसेल तर. नटाच्या, लेखकाच्या, संगीतकाराच्या बाजूने चांगलं आहे. पुन्हा काढणाऱ्याच्या डोक्याला ताप.

फोंडेकर, तुमच्या काकांनी तेव्हा काही कागद केला होता का? एवढंच विचारायचं होतं, बाकीचं ओघात आलं.

डबिंगवाली

आणि क्यू शीट! कुठल्या भागात कितव्या मिनिटाला कुठलं गाणं, किती सेकंद, गीतकार, संगीतकार, मालक, समोर वाजतंय की पार्श्वभूमीला. एक पान असतं. ते असेल तर निम्मं काम झालं.

केरीचो

अवांतर: आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीवर बसून अंतराळात गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. ती तबकडी पृथ्वीवरच्या माणसांना एलपीच्या रूपात विकत घेता यावी म्हणून २०१७ उजाडलं. ओझ्मा रेकॉर्ड्स म्हणून छोटी कंपनी, लोकवर्गणी काढून त्यांनी एकेका रचनेचे हक्क सोडवले. परग्रहावरच्यांना फुकट, आम्हाला चाळीस वर्षांनी.

बाकी चालू द्या.

कॅसेटवाला

+१ केरीचो. हे भारीच.

पेडण्याची_लेक

मला वेगळंच विचारायचं आहे. एवढा पैसा जातो कुणाला? माझ्या आजोबांच्या शेजारी एक व्हायोलिनवाले राहायचे. मुंबईला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे, निवृत्त होऊन गावी आले. सांगायचे, शिफ्टप्रमाणे पैसे, व्हाउचरवर सही, झालं. तबकडीवर नाव नाही. गाणं चाळीस वर्षं वाजतंय आणि हे ओसरीवर बसून ऐकतायत, मध्येच बोट वर करून म्हणायचे, "हांव हांगा." (मी इथे.)

अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, चिक चॉकलेट हळदोण्याचे. अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बांधणारे, म्हणून त्यांची नावं आज लोक घेतात तरी. मागे बसलेल्यांचं काय?

वकील_नव्हे

मागे बसलेल्यांना तेव्हा कायद्यात जागाच नव्हती. कलावंताचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीत आला, मानधनातला वाटा २०१२ मध्ये. तुमच्या शेजाऱ्यांची बस निघून गेल्यावर थांबा बांधला.

रिमोट_कंट्रोल

मला मात्र सारखं वाटतं की गाणं बदलून काढलेली मालिका काढूच नये. 'डॅरिया' घ्या. एमटीव्हीवर १९९७ ते २००२, जिकडेतिकडे त्या वेळची गाणी. २०१० मध्ये डीव्हीडी आली तेव्हा निर्मात्याने आत चिठ्ठी घातली की जवळजवळ सगळं संगीत बदललंय, नाहीतर संच निघालाच नसता. प्रामाणिक माणूस. पण मी दोन भाग बघून ठेवून दिलं. घर तेच, माणसं तीच, वास वेगळा.

डबिंगवाली

असहमत. न काढलेली मालिका म्हणजे ट्रंकेतली मालिका, आणि ट्रंकेत बुरशी असते. 'आइज ऑन द प्राइज' ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावरची माहितीपट मालिका. १९८७ ची. जुनी चित्रणं आणि गाणी यांचे परवाने नव्वदच्या दशकात संपले आणि मालिका दाखवताही येईना, विकताही येईना. २००६ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. त्यात वाढदिवसाचं गाणं म्हणतानाचाही प्रसंग होता, त्याचेसुद्धा हक्क! मधल्या वर्षांत शाळांनी जुन्या व्हिएचएस जपून वापरल्या. तुम्ही म्हणता तसं वासासाठी अडून बसलं असतं तर?

रिमोट_कंट्रोल

माहितीपट वेगळा, ताई. तिथे चित्र पुरावा आहे. इथे गाणं हेच पात्र आहे. 'फ्रीक्स अँड गीक्स'वाल्यांनी थांबून, पैसे मोजून २००४ मध्ये सगळ्या मूळ गाण्यांसकट संच काढलाच ना?

डबिंगवाली

त्यांच्यामागे पैसे देणारं कुणी होतं. फोंडेकरांच्या मागे शेजाऱ्यांचं मांजर आहे.

सत्तरीकर

😄

तेवढ्यावरून आठवलं, गेल्या वर्षी आमच्याकडे लग्नात बँड आणि डीजेवरून वाद झाला होता, परवाना लागतो की नाही. सरकारने लागत नाही म्हटलं होतं ना?

वकील_नव्हे

२०२४ च्या जानेवारीत गोवा सरकारने तसं परिपत्रक काढलं होतं, लग्नसमारंभातल्या संगीताला परवानगी-मानधन मागू नये म्हणून. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने ते रद्द केलं. कायद्यात धार्मिक विधी आणि लग्नाच्या वरातीला सूट आहेच, पण ती किती ताणायची ते परिपत्रकाने ठरवता येत नाही, असा मुद्दा. लग्नाचा वेगळा धागा काढा, इथे आजी थांबली आहे.

फोंडेकर

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, माटोळीची तयारी चालू होती. तीन गोष्टी सांगतो.

कागद सापडला! ट्रंकेच्या झाकणाला चिकटपट्टीने लावलेल्या पाकिटात. काकांनी परवानगी घेतली होती, लेखी, शिक्क्यासकट. "आपल्या मालिकेत सदर गीत केबलवर दोन वेळा वाजविण्यास आमची हरकत नाही." खाली सही आणि लेटरहेड: मडगावातलं एक कॅसेटचं दुकान.

वकील_नव्हे

अरे देवा. म्हणजे पोदेराकडून (पाववाल्याकडून) गव्हाच्या शेताचा दाखला आणला.

फोंडेकर

हो ना. काका म्हणतात, "त्याच्याकडूनच कॅसेट घेतली होती, मग विचारायचं कुणाला?" त्यांचं खरं आहे असं मला अजून वाटतं.

दुसरं. कंपनीला ईमेल केला. भाग कितवा, मिनिट कितवं, किती सेकंद, कुठे दाखवणार, सगळं लिहिलं (डबिंगवाली ताईंच्या सांगण्यावरून क्यू शीट केली, तेरा भागांची दीड पानं झाली). उत्तर आलं की कुठल्या प्रदेशांसाठी, किती वर्षांसाठी आणि एकूण बजेट किती ते कळवा. बजेटच्या रकान्यात काय लिहू? काकांनी तेव्हा जेवणाचा खर्च धरून जो हिशोब ठेवला होता तो वहीच्या एका पानावर मावतो. अजून पाठवलं नाही.

तिसरं. बोलणं वेगळं करणारा प्रोग्राम चालवला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. रेडिओ गेला आणि आजी एकटी, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीत. तुजो आजो चुलीवयलें दूद विसरतालो, एकेक अक्षर. मागे चुलीचा थोडा चरचर आवाज.

आणि मग ती गुणगुणते तिथे शांतता. प्रोग्रामला ते गाणं वाटलं. रेडिओबरोबर तेही काढून टाकलं.

डबिंगवाली

ओह. तेवढा तुकडा हाताने परत जोडता येईल, मूळ ट्रॅकमधून. रेडिओ थोडा येईल मागे.

वकील_नव्हे

सांगायला नको वाटतं, पण आजी गुणगुणते ते शब्द आणि चाल आहेच. मास्टरचा प्रश्न मिटला, सिंकचा नाही. दोन ओळींनी तुमच्यावर कुणी धावून येईल असं नाही. फक्त माहिती असावी.

पेडण्याची_लेक

मग काय केलंत?

फोंडेकर

साइटवर दोन आठवडे बारा भाग होते, ३ नंतर थेट ५. लोक विचारत होते. आता ४ टाकला आहे: रेडिओशिवाय, गुणगुणण्याशिवाय. तिथे आजी पंधरा सेकंद नुसती चुलीकडे बघते. खाली एक ओळ लिहिली, इथे रेडिओवर एक जुनं गाणं लागलं आहे. भाचा म्हणाला, मामा, असंही चांगलं दिसतं. त्याने मूळ पाहिलेलं नाही.

मूळचा भाग चवथीला दुसऱ्या दिवशी घरच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून बघितला. आजीचं काम केलेल्या बाईंची मुलगी आली होती. बायका मागे नेवऱ्यांचं काहीतरी बोलत होत्या. गाणं लागलं तशी तिने मागे न बघता हात वर केला आणि सगळ्या गप्प झाल्या. संपल्यावर तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा.

रिमोट_कंट्रोल

पेन ड्राइव्हच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या घरात ठेवा. मी भांडण मागे घेतो.

सत्तरीकर

साइटवरच्या भागात दूध उतू जातं का अजून?

फोंडेकर

जातं. मांजरही येतं. त्यांच्यावर क्लेम आलेला नाही.